पाव मीटर खोल मकरंद

पुराच्या पाण्यात बुडणारा एक निवडुंग आहे. निवडुंग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे माळरान येतं, बांधावरचा फड्या येतो, काटे आणि भेगाळलेली माती येते. हा निवडुंग मात्र ॲमेझॉनच्या खोऱ्यात, रिओ नेग्रो नदीच्या काठच्या जंगलात राहतो. तोही जमिनीवर नाही, झाडाच्या खोडाला चिकटून. पावसाळ्यात नदी चढते, जंगलात शिरते आणि याच्या खालच्या फांद्या पाण्याखाली जातात. नेमक्या त्याच दिवसांत, पाण्याच्या वर राहिलेल्या भागावर लांबलचक कळ्या धरतात. फूल उमलतं ते एकच रात्र. उजाडेपर्यंत ते मान टाकतं.

या निवडुंगाचं शास्त्रीय नाव स्ट्रोफोकॅक्टस विटी. ‘विटी’ हे विट नावाच्या एका जर्मन व्यापाऱ्यावरून आलं. रबराच्या भरभराटीच्या काळात तो मानौस शहरात राहायचा आणि वनस्पतींचे नमुने गोळा करायचा. त्याच्या नमुन्यावरून कार्ल शुमान या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं १९०० साली या जातीचं पहिलं वर्णन केलं. ‘स्ट्रोफो’ हा भाग पीळ किंवा गुंडाळलेला पट्टा अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. झाडाला पट्टा बांधावा तसा हा खोडाभोवती वेढे घेत चढतो, म्हणून. मधली काही वर्षं तो सेलेनिसेरियस या प्रजातीत होता. सेलेनी ही ग्रीकांची चंद्रदेवता. डीएनएच्या अभ्यासानंतर तो पुन्हा जुन्या नावाकडे आला. इंग्रजीत त्याला ‘मूनफ्लॉवर’ म्हणतात. आपण या प्रकरणात त्याला चंद्रफूल म्हणू.

आधी त्याचं घर बघितलं पाहिजे, कारण घराशिवाय हे फूल कळत नाही. रिओ नेग्रो म्हणजे काळी नदी. तिचं पाणी गढूळ नसतं, कोऱ्या चहासारखं असतं. जंगलात कुजणाऱ्या पानांचा अर्क त्यात उतरतो, पाणी आम्ल होतं, आणि त्यात क्षार फारसे नसतात. मानौसजवळ हे काळं पाणी सोलिमोइश नदीच्या मातकट पाण्याला मिळतं आणि कित्येक किलोमीटर दोन्ही रंग शेजारी शेजारी वाहत राहतात. अशा काळ्या पाण्यानं दरवर्षी भरणाऱ्या जंगलाला तिकडे ‘इगापो’ म्हणतात. मानौसला उन्हाळ्यातलं आणि पुरातलं पाणी यांत सरासरी दहा मीटरच्या आसपास फरक पडतो. तीन मजली इमारतीएवढा! ज्या झाडांच्या सावलीत ऑक्टोबरात माणूस चालत जातो, त्यांच्या शेंड्यांमधून जूनमध्ये होडी नेतात. खाली मासे झाडांची फळं खात फिरतात.

अशा ठिकाणी निवडुंगाचं काय काम? हा प्रश्न मला फार दिवस पडला होता. त्याचं उत्तर खोडावर हात ठेवला की मिळतं. सदाहरित जंगलात पाणी भरपूर असतं हे खरं, पण ते जमिनीत. झाडाच्या सालीवर माती नसते. पाऊस थांबला की साल तासाभरात वाळते. तिथे मूळ रोवणाऱ्या वनस्पतीच्या नशिबी पावसाच्या दोन सरींमधला छोटासा दुष्काळच येतो. म्हणूनच या जागेवर दुष्काळाची सवय असलेली कुळं टिकली: आमरी, अननसाच्या कुळातल्या वनस्पती आणि काही निवडुंग. यांना अपिवनस्पती म्हणतात. आपल्याकडे झाडावर उगवलेल्या सगळ्याच गोष्टींना सरसकट बांडगूळ म्हणायची पद्धत आहे, आणि आमरीवर तो अन्याय आहे. बांडगूळ झाडाच्या आत मुळं घुसवून रस ओढतं. अपिवनस्पती झाडाकडून फक्त जागा घेते. चंद्रफुलाचा निवडुंगही भाडेकरूच, चोर नव्हे.

त्याचं अंग चपटं असतं, पानासारखं, आणि खोडावर इतकं घट्ट बसलेलं की दुरून कुणी सालीवर पट्टी डकवली आहे असं वाटावं. त्या पट्टीच्या मधल्या शिरेतून मुळं फुटतात आणि सालीला धरून ठेवतात. कडांना बारीक काटे असतात. ऊन जास्त लागलं की पट्टी तांबडी होते. इतर निवडुंगांसारखाच हाही दिवसा श्वासरंध्रं मिटून घेतो आणि रात्री उघडतो. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवसा उन्हात वापरतो. वाळवंटात कमावलेली ही शिस्त झाडाच्या सालीवर तशीच उपयोगी पडली.

बीसुद्धा या घराला साजेसं. निवडुंगांची फळं बहुतेक ठिकाणी पक्षी, वटवाघळं, मुंग्या यांच्या पोटातून किंवा पाठीवरून प्रवास करतात. झाडांवर लोंबणाऱ्या ऱ्हिप्सॅलिस या निवडुंगाची चिकट बोरं पक्षी खातात. निवडुंगांचं सगळं कूळ अमेरिकेचं, पण या ऱ्हिप्सॅलिसची एक जात आफ्रिकेत आणि श्रीलंकेतही रानटी वाढते. चंद्रफुलाच्या बीमध्ये हवेचा कप्पा असतो, त्यामुळे ते तरंगतं. पुराचं पाणी त्याला एका खोडावरून दुसऱ्या खोडापर्यंत नेतं आणि पाण्याच्या रेषेवर सालीच्या भेगेत सोडून देतं. निवडुंगाच्या कुळात ही फारच वेगळी गोष्ट आहे. म्हणजे पूर हा या निवडुंगावर येणारं संकट नाहीच. पूर त्याचा टपालवाला आहे.

आता फुलाकडे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला या फुलाची ओळख करून देणं सोपं आहे, कारण त्याचं एक दूरचं भावंड आपल्या गॅलरीत आहे. आपण ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो तो मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला असाच झाडांवर वाढणारा निवडुंग आहे, एपिफायलम ऑक्सिपेटॅलम. (हिमालयातलं ब्रह्मकमळ, उत्तराखंडचं राज्यपुष्प, ही सूर्यफुलाच्या कुळातली अगदी निराळी वनस्पती.) आमच्या घरी पावसाळ्यात कळी फुगली की आई दुपारपासून शेजारीपाजारी निरोप धाडायची. रात्री नऊच्या सुमारास कुंडी दिवाणखान्यात यायची, ट्यूबलाइट लागायची, फुलाला हळदकुंकू वाहिलं जायचं आणि बारा वाजेपर्यंत माणसं येत राहायची. काकू, मामी, वरच्या मजल्यावरचे आजोबा, सगळे. एवढी माणसं जमली, पण ज्या पाहुण्यासाठी ते फूल मुळात उमललं, त्याचा विचार आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आला नाही. तो बाहेर अंधारात असतो.

पांढरा रंग, रात्रीची वेळ, दुरून येणारा वास आणि देठासारखी दिसणारी लांब नळी. या चार गोष्टी एका फुलात एकत्र दिसल्या की वनस्पतीचा अभ्यासक पतंगाचं नाव घेतो. दिव्यावर झेप घेणारे बारके पतंग नव्हेत, हॉकमॉथ नावाचे धिप्पाड, वेगवान पतंग. आपल्याकडे कण्हेरीवर शेपटीला शिंग असलेली हिरवीगार, बोटाएवढी जाड अळी दिसते, ती यांच्यातल्याच एकाची. हे पतंग फुलावर बसत नाहीत. फुलासमोर हवेत एका जागी तरंगत ते सोंड आत घालतात. बुचाच्या झाडाची पांढरी, लांब नळीची, रात्री घमघमणारी फुलं अशाच पाहुण्यांसाठी असतात. सकाळी बुचाच्या सड्यातलं एक फूल उचलून नळीचं तोंड चोखलेली मुलं आपल्यात पुष्कळ असतील. पतंगाचा वाटा आपण कधीतरी चाखला आहे.

चंद्रफुलाची नळी बुचाच्या फुलाच्या कितीतरी पट लांब असते. सगळं फूल पंचवीस-सत्तावीस सेंटीमीटरचं, आणि त्यातला मोठा भाग नळीनंच व्यापलेला. मकरंद तिच्या अगदी तळाशी.

हे फूल जगापुढे आणलं एका चित्रकार बाईंनी. मार्गारेट मी हे त्यांचं नाव. ‘मी’ हे आडनाव. जन्म १९०९ मध्ये इंग्लंडमध्ये, १९५२ मध्ये त्या ब्राझीलला आल्या, आणि १९५६ साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, पहिल्यांदा ॲमेझॉनच्या जंगलात गेल्या. मग तीस-बत्तीस वर्षांत पंधरा मोहिमा. होडीतून, कधी एखाददुसऱ्या वाटाड्याबरोबर, आजारपणं काढत. त्यांचा कटाक्ष असा की वनस्पती वाळवलेल्या नमुन्यावरून रंगवायची नाही, ती जिथे उगवते तिथे जाऊन, जिवंत, तिच्यामागच्या जंगलासकट रंगवायची. त्यामुळे त्यांच्या चित्रांत फुलामागे काळं पाणी दिसतं, बुडालेली खोडं दिसतात. मला हे चित्रकलेपेक्षाही विज्ञानाच्या अंगानं मोलाचं वाटतं. कागदावर चिकटवलेल्या नमुन्यात फूल असतं, घर नसतं.

चंद्रफुलाचा निवडुंग त्यांनी खोडांवर पाहिला होता, पण उमललेलं फूल वर्षानुवर्षं हुलकावणी देत राहिलं. मे १९८८ मध्ये त्या पुन्हा रिओ नेग्रोवर गेल्या. त्याच महिन्यात त्यांना एकोणऐंशी वर्षं पूर्ण झाली. बुडालेल्या जंगलात कळ्या धरलेला वेल सापडला. होडी त्या झाडाशी नेली, मार्गारेटबाई होडीच्या छतावर चित्रवही घेऊन बसल्या आणि संध्याकाळ उतरू लागली. अंधार झाल्यावर पाकळ्या हलू लागल्या. टॉर्चच्या उजेडात त्यांनी एकामागून एक रेखाटनं केली. पहिली पाकळी सुटल्यापासून फूल पूर्ण उमलेपर्यंतची. आयुष्यभर केलेला शोध त्या रात्री पुरा झाला.

पतंग मात्र आला नाही. आपल्या येण्यानं, दिव्यांनी तो बिचकला असावा, असं त्यांना वाटलं आणि त्याची रुखरुख लागली. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला इंग्लंडमध्ये मोटार अपघातात त्यांचं निधन झालं. त्यांची ॲमेझॉनची कित्येक चित्रं आज लंडनजवळच्या क्यू इथल्या शाही वनस्पती उद्यानाच्या संग्रहात आहेत.

न आलेल्या त्या पतंगाचं नाव शोधायला वनस्पतिशास्त्रज्ञांनी मोजपट्टी घेतली. जर्मनीतल्या बॉन इथले विल्हेल्म बार्थलॉट आणि त्यांचे सहकारी यांनी १९९७ साली या निवडुंगावर सविस्तर निबंध लिहिला. त्यांचा विचार सरळ आहे. मकरंद इतका खोल असेल, तर तिथवर पोचणारी सोंड कुणाची? ॲमेझॉनमधल्या हॉकमॉथांच्या सोंडांची लांबी धुंडाळत गेलं की यादी झपाट्यानं आखूड होते आणि शेवटी दोनच मोठ्या जाती उरतात. त्यातल्या एकीचं नाव ॲम्फिमोइया वॉकेरी. तिची सोंड पाव मीटरच्या घरात जाते. जगातल्या सर्वांत लांब सोंडांपैकी ती एक. ज्या किड्याचं अंग तुमच्या बोटांपेक्षा लांब नाही, त्याच्या तोंडाला शाळकरी पट्टीएवढी नळी.

ती नळी तो एरवी ठेवतो कुठे? डोक्याखाली गुंडाळून, घड्याळाच्या स्प्रिंगसारखी. सोंड म्हणजे मुळात दोन लांब पन्हळी. कोशातून बाहेर पडल्यावर पतंग त्या कडेला कड लावून जोडतो आणि त्यांची एक बंद नळी होते. डोक्यात एक पंप असतो, तो रस वर ओढतो. नळी जितकी लांब तितकं ओढणं कष्टाचं, आणि रस दाट असेल तर आणखीच. म्हणून पतंगांच्या फुलांमधला मकरंद बहुधा पातळ असतो. शिवाय हवेत तरंगत पिणं हे उडण्यातलं सर्वांत खर्चिक काम. पतंगाला एका फुलाशी फार वेळ रेंगाळणं परवडत नाही. त्याला भराभर पुढच्या फुलाकडे जावं लागतं, आणि फुलाला तेच हवं असतं.

असाच हिशेब याआधी एकदा मांडला गेला होता. १८६२ साली चार्ल्स डार्विनकडे मादागास्कर बेटावरची एक पांढरी आमरी आली. तिच्या फुलाला मागे जवळजवळ तीस सेंटीमीटर लांब शेपटी होती आणि मकरंद शेपटीच्या टोकाशी. डार्विननं सांगितलं की मादागास्करमध्ये एवढ्या लांब सोंडेचा पतंग असलाच पाहिजे. काही लोकांना ते हास्यास्पद वाटलं. १९०३ साली तसा पतंग नोंदवला गेला, आणि ‘भाकीत केलेला’ अशा अर्थाचा लॅटिन शब्द त्याच्या नावात घातला गेला. तोवर डार्विनला जाऊन एकवीस वर्षं झाली होती.

डार्विनचं कारण असं. नळी सोंडेपेक्षा आखूड असेल, तर पतंग दूर राहून मकरंद पिऊन जातो. पराग त्याला लागतच नाही आणि फुलाची मेहनत फुकट जाते. नळी सोंडेपेक्षा थोडी लांब असेल, तर शेवटचा घोट मिळवायला पतंगाला डोकं फुलाच्या तोंडात खुपसावं लागतं. तिथेच पुंकेसर असतात. पराग कपाळावर बसतो आणि पुढच्या फुलाच्या कुक्षीला लागतो. म्हणून पिढ्यानपिढ्या लांब नळीच्या फुलांना जास्त बी धरलं. लांब सोंडेच्या पतंगांना जास्त रस मिळाला. दोघं एकमेकांना ओढत लांब होत गेले. लुट्झ वासरथाल या जर्मन कीटकशास्त्रज्ञानं मात्र याला वेगळं कारण सुचवलं. फुलांवर कोळी दबा धरून बसतात. लांब सोंड असलेला पतंग त्यांच्यापासून अंतर राखून पिऊ शकतो. म्हणजे आधी सोंड जीव वाचवायला लांब झाली आणि फुलं मागून तिच्या मापाला आली. दोन्ही कारणं एकाच वेळी खरी असू शकतात असं मला वाटतं. डार्विनचं कारण फुलाच्या बाजूनं विचार करतं, वासरथालचं पतंगाच्या.

चंद्रफुलाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. हे निवडुंग दाटीनं उगवत नाहीत. एका झाडावर एक वेल, मग पुढचा बराच लांब, मध्ये पाणी. फुलाला एक रात्र मिळते, आणि त्याच रात्री दुसऱ्या वेलावरही फूल उमललेलं असायला हवं. दोघांमध्ये निरोप नेणारा जोमदार उडणारा हवा. हॉकमॉथ एका रात्रीत कित्येक किलोमीटर भटकतो आणि वासाच्या मागावर येतो. वटवाघूळ किंवा मधमाशीला हे फूल अनोळखी आहे असं नाही, पण त्या नळीच्या तळाशी त्यांची जीभ पोचत नाही. बाकी सगळ्यांना दार बंद करून हे फूल एकाचीच वाट बघतं.

हा वास कसा असतो ते फेब्रुवारी २०२१ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात अनुभवायला मिळालं. बॉनहून २०१५ साली आलेला वेल तिथे काचघरात एका झाडावर चढवला होता. त्याला कळी आली. ब्रिटनमध्ये हे फूल पहिल्यांदाच उमलत होतं, म्हणून उद्यानानं कॅमेरा लावून जगभर थेट दाखवलं. टाळेबंदीत घरी बसलेल्या लोकांनी कळीकडे दिवसचे दिवस डोळे लावले. २० फेब्रुवारीला फूल उमललं, तेही रात्रीची वाट न पाहता दुपारीच. सुरुवातीला गोड सुवास, आणि दोनेक तासांत त्याची जागा घेणारी चक्क घाण. सकाळी फूल संपलेलं.

काचघरात पतंग नव्हता. पतंगाशिवाय ते फूल सुंदर होतं, पण अर्धं होतं. फक्त वेल जपून चंद्रफूल जपलं जात नाही. पतंग हवा. पतंगासाठी त्याची अळी जगायला हवी, अळीसाठी तिची खास खाद्यझाडं हवीत. बी पोचवायला पूर हवा, आणि तोही योग्य उंचीचा, कारण वेल त्या रेषेवर बसलेला असतो. मानौसच्या बंदरात १९०२ पासून नदीची पातळी मोजली जाते. जून २०२१ मध्ये तिनं तीस मीटरची खूण ओलांडली. तोवर एवढं पाणी नोंदलं गेलं नव्हतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तेरा मीटरच्याही खाली गेली, आणि तोवर एवढं कमी पाणीही नोंदलं गेलं नव्हतं. अवघ्या दोन वर्षांत दोन्ही टोकं. हजारो वर्षं एका रेषेवर भरवसा ठेवून वाढलेल्या वेलासाठी ही साधी बातमी नाही. मार्गारेटबाई हयात असताना जंगलतोडीविरुद्ध जाहीरपणे बोलत राहिल्या. त्यांची लढाई करवतीशी होती. आता त्यात नदीचीही भर पडली आहे.

पुन्हा आपल्या गॅलरीकडे येतो. आपलं ब्रह्मकमळ मेक्सिकोपासून इतकं दूर आलं आहे की त्याचे मूळचे पाहुणे इथे नाहीत. त्याला सहसा फळही धरत नाही. कारण आपण ते नेहमी फांदी तोडून लावतो. काकूंच्या कुंडीतलं, मामीच्या कुंडीतलं आणि आपल्या कुंडीतलं झाड बहुधा एकाच झाडाचे तुकडे असतात, आणि स्वतःचाच पराग त्या झाडाला चालत नाही. पण लांब सोंडेचे हॉकमॉथ महाराष्ट्रात आहेत, शहरांतही आहेत, आणि वास त्यांनाही येतो.

तेव्हा या पावसाळ्यात ब्रह्मकमळ उमलेल त्या रात्री कुंडी घरात आणू नका. हळदकुंकू वाहा, शेजाऱ्यांना बोलवा, पण मग गॅलरीतला दिवा मालवा, मोबाइलची बॅटरी बंद करा आणि सगळ्यांनी चार पावलं मागे सरून तासभर अंधारात बसा. फुलाच्या तोंडाशी काही फडफडलं, तर तारीख आणि वेळ वहीत लिहून ठेवा.